कडाक्याची थंडी पडली की ब्लू स्प्रिंगला चला

डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेतली कितीतरी मराठी कुटुंबं ऑरलँडोला जातात. डिस्नेच्या रांगांत दोन-तीन दिवस काढतात आणि दमून परततात. तिथून गाडीने उत्तरेला तासाभरावर ऑरेंज सिटी नावाचं छोटं गाव आहे. या गावाला लागून, सेंट जॉन्स नदीच्या काठी ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आहे. तिथेही रांग लागतेच, पण ती मॅनेटी पाहण्यासाठी.

मॅनेटी म्हणजे समुद्रगाय. लांबी दहा फुटांच्या आसपास, वजन चारशे-पाचशे किलो, स्वभाव कमालीचा शांत आणि आहार शुद्ध शाकाहारी. जमिनीवरच्या प्राण्यांत तिचा सर्वांत जवळचा नातलग हत्ती. हे ऐकून कुणी हसेल, पण तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवरची नखं पाहिली की पटतं. देह अवाढव्य असला तरी अंगावर चरबीचा थर पातळ आणि शरीराची ऊर्जा जाळण्याची गतीही मंद. त्यामुळे पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली फार दिवस राहिलं, तर ती आजारी पडते, प्रसंगी मरतेसुद्धा. हिवाळ्यात सेंट जॉन्सचं पाणी याहून थंड होतं. ब्लू स्प्रिंगचा झरा मात्र जमिनीखालच्या चुनखडीतून वर येतो आणि बारा महिने साधारण साडेबावीस अंशांवर असतो. रोज कोट्यवधी लिटर कोमट पाणी तिथून नदीत वाहत जातं. म्हणून हवेत गारठा वाढेल तशी झऱ्यात गर्दी वाढते. निरभ्र, उबदार दिवशी गेलेला पर्यटक बहुधा मासे पाहून परततो.

झऱ्याच्या कडेने, झाडांच्या सावलीतून लाकडी फळ्यांची पायवाट गेली आहे. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं काळसर, तर झऱ्याचं निळसर-हिरवं आणि नितळ. दोन्ही जिथे मिळतात तिथली सीमारेषा काठावरूनही दिसते. त्या नितळ पाण्यात करड्या रंगाचे लांबट देह तळाशी ओळीने पडलेले असतात. काही मिनिटांनी त्यातला एखादा संथपणे वर येतो. झाकणं उघडावीत तशा नाकपुड्या उघडतात, फुस्स असा आवाज होतो, नाकपुड्या मिटतात आणि देह पुन्हा खाली जातो. एवढंच. उड्या नाहीत, कसरती नाहीत. पण कठड्याला टेकून उभी असलेली माणसं तासतासभर हलत नाहीत.

नीट पाहिलं तर बऱ्याच पाठींवर पांढरट, समांतर चरे दिसतात. मोटारबोटींच्या पंख्यांचे हे घाव. मॅनेटी संथपणे आणि पृष्ठभागाजवळून पोहते, बोट वेगाने येते. हे व्रण इतके सर्रास आढळतात, की अभ्यासक त्यांच्यावरूनच एकेका मॅनेटीला ओळखतात. वेन हार्टली या रेंजरने अनेक वर्षं थंडीच्या सकाळी होडीतून फिरून अशी हजेरी घेतली. कोण आली, कोणाबरोबर पिल्लू आहे, कोणाला नवी जखम झाली, हे सारं त्या नोंदींत आहे.

१९७०-७१च्या हिवाळ्यात फ्रेंच सागरसंशोधक जाक कुस्तो इथे चित्रीकरणाला आला, तेव्हा झऱ्यात जेमतेम डझन-दीड डझन मॅनेटी येत. १९७२ साली राज्य सरकारने ही जागा विकत घेऊन तिचं उद्यान केलं. जानेवारी २०२४मध्ये एकाच दिवशी ९३२ मॅनेटी मोजल्या गेल्या. या वाढीमागे एक साधा, पण काटेकोर पाळलेला नियम आहे: मॅनेटींच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, झऱ्यात पोहायचं नाही आणि होडीही न्यायची नाही. फ्लोरिडातच क्रिस्टल रिव्हर इथे मॅनेटींजवळ पोहता येतं, आणि त्याची जाहिरातही जोरात चालते. प्राण्याच्या दृष्टीने पाहिलं तर ब्लू स्प्रिंगची पद्धतच बरी.

मात्र ऊब मिळाली म्हणून पोट भरत नाही. झऱ्यात चारा जवळजवळ नाही. खायला नदीतच जावं लागतं. आणि चारा संपला तर काय होतं, ते पूर्व किनाऱ्यावर दिसलं: तिथल्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि खतं मिसळून शेवाळ माजलं आणि समुद्रगवत मेलं. २०२१मध्ये फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मॅनेटी दगावल्या. त्यातल्या कितीतरी उपासमारीने. २०२१-२२च्या हिवाळ्यात केप कॅनव्हरलच्या वीजकेंद्राजवळ जमलेल्या मॅनेटींना सरकारी यंत्रणांनी चक्क लेट्यूस खाऊ घातलं. हे सगळं मिळून सुमारे ९० टन झालं. वीजकेंद्राजवळ का? कारण राज्यातल्या निम्म्याहून अधिक मॅनेटी हिवाळ्यात अशा केंद्रांतून सोडलेल्या गरम पाण्याच्याच आधाराने राहतात. जुनी केंद्रं कधी ना कधी बंद होणार. मग नैसर्गिक झऱ्यांवरचा भार वाढेल, आणि भूजलाचा उपसा असाच चालू राहिला तर झरेही आटतील. म्हणूनच ब्लू स्प्रिंगचा किमान प्रवाह किती राहिला पाहिजे, याचं बंधन तिथल्या जलव्यवस्थापन विभागाने मॅनेटींची गरज डोळ्यांसमोर ठेवून घातलं आहे.

मॅनेटीची भाऊबंद असलेली डुगाँग आपल्याकडे कच्छच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि अंदमानात अजून तग धरून आहे. तमिळनाडूने २०२२मध्ये पाल्कमध्ये देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँगलाही समुद्रगवतच लागतं.

ब्लू स्प्रिंगला जायचं असेल तर थंडीची लाट आलेली सकाळ निवडा आणि फाटक उघडण्याआधी पोहोचा. वाहनतळ भरला की प्रवेश थांबवतात. जाणं शक्य नसेल, तर सेव्ह द मॅनेटी क्लबने झऱ्यात बसवलेल्या कॅमेऱ्यांचं थेट प्रक्षेपण हिवाळ्यात घरबसल्या पाहता येतं. फ्लोरिडात सकाळचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात.