वीज गेली, म्हणून फोनही जावा का?

पावसाळ्यातली संध्याकाळ. एकाएकी वीज जाते. घरात आजी-आजोबा दोघेच. आजोबांना अस्वस्थ वाटू लागते. मोबाइलला नेमकी रेंज नाही. आजी घाईघाईने घरचा फोन उचलतात, तर तोही मुका! असा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो.

जुन्या फोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टची वीज मिळे. तिथे बॅटऱ्या असत, म्हणून घरात अंधार झाला तरी फोन चाले. आता अनेक घरांत फोन फायबरवर आला आहे. त्या तंतूतून प्रकाश येतो, वीज नाही. मोडेम आणि राउटर घरच्या विजेवरच चालतात. तेव्हा विजेची सोय आपणच करायला हवी, आणि तीही जोडणी होण्यापूर्वी.

प्रथम जागा ठरवा. तिथे अर्थिंग असलेला, तीन पिनांचा स्वतंत्र सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. राउटरला वीज थोडीच लागते. पण ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री किंवा मिक्सर लावता, त्यावरच तो लावू नका. एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसणे तर टाळाच. वीजगळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात आहे ना, हेही वायरमनला पाहायला सांगा.

मग बॅटरीचा विचार. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळते. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले असेल, तर गुणाकार करा : १२ वॅट. तीन तास हवे असतील, तर ३६ वॅट-तासांची बॅटरी हवी. मोडेम वेगळा असेल, तर त्याचेही वॅट मिळवा. खोक्यावरच्या मिलिअँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ३.७ व्होल्टवरचे ८,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे जेमतेम ३० वॅट-तास! व्होल्टेज मात्र अडॅप्टरवर असेल तेच हवे. कॉर्डलेस फोनच्या बैठकीलाही वीज लागते, हे विसरू नका. त्यापेक्षा तारेचा साधा फोन बरा.

यूपीएस बंद कपाटात कोंडू नका. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती लगेच बदला. या सोयीचा आणखी एक फायदा आहे. आकाशात ढग गडगडू लागताच प्लग काढून ठेवला, तरी फोन बॅटरीवर चालू राहतो. इमारतीत कंपनीची पेटी असेल, तर तिला बॅटरीचा आधार आहे का, तेही विचारा. नाहीतर घरची तयारी व्यर्थ.

महिन्यातून एकदा यूपीएसच्या सॉकेटचे बटण बंद करून शेजारणीला फोन लावून पाहा. तो लागला, की फोनजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवा. तो अंधारातही लागेल, याची खात्री आता तुम्हीच करून घेतलेली असेल.