ना ब्लूटूथ, ना वायफाय: समुद्रातला खेकडा जोडीदार कसा शोधतो?

वॉटरप्रूफ फोन समुद्रात बुडवला आणि तो टिकला, तरी ब्लूटूथ लगेच तुटेल. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी खारं पाणी काही सेंटीमीटरमध्येच गिळून टाकतं. पाणी गढूळ असेल तर नजरेचाही उपयोग नाही. मग एकमेकांना हाक कशी मारायची? बऱ्याच समुद्री प्राण्यांनी वासाचा मार्ग धरलाय. पाण्यात विरघळणारे रेणू सोडायचे, पुढचं काम प्रवाहावर. मी दिवसभर नेटवर्कचा कोड लिहितो, त्यामुळे ही सिस्टीम समजून घेताना मला भारी मजा आली.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागर आहे. तिथला निळा खेकडा घ्या. खेकड्याचं कवच वाढत नाही, त्यामुळे मोठं व्हायचं तर कात टाकावी लागते. या जातीची मादी वयात येताना शेवटची कात टाकते आणि सहसा तेव्हाच, अंग मऊ असताना, आयुष्यात एकदाच मीलन करते. मिळालेले शुक्राणू ती साठवून ठेवते आणि पुढे त्यांवरच अनेकदा अंडी घालते. म्हणजे नर वेळेवर सापडला पाहिजे, पुन्हा संधी जवळपास नाहीच.

म्हणून कात टाकायच्या आधीच मेसेज जातो, तोही लघवीतून! हसू नका. खेकड्याची लघवी डोक्यावरच्या मिशांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. कात टाकायला आलेल्या मादीच्या लघवीत काही खास रेणू असतात. नर आपल्या छोट्या मिशा सतत झटकत असतो. प्रत्येक झटक्याला मिशांवरच्या बारीक केसांमध्ये ताजं पाणी शिरतं. आपण नाकाने हुंगतो ना, तेच, फक्त पाण्यात.

आता खरी अडचण. 'वास जिकडे जास्त, तिकडे जा' हा सोपा अल्गोरिदम इथे चालत नाही. उदबत्तीचा धूर थोडा वर गेला की कसा तुटतो, पिळतो, विखुरतो, ते आठवा. पाण्यातला वासही तसाच तुकड्यातुकड्यांनी येतो. मादीपासून लांब असूनही मोठा झोत अंगावर येईल आणि जवळ असताना मधेच काहीच नसेल. यावर खेकड्याने काम वाटून घेतलंय. अन्नाच्या वासावर केलेल्या प्रयोगांत दिसलं की मिशांना वास लागला की खेकडा प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागतो, आणि डावीकडे की उजवीकडे हे पायांवरचे सेन्सर ठरवतात. होय, तो पायांनीही वास घेतो.

नरही गप्प बसत नाही. तो पायांवर उंच उभा राहतो, नांग्या पसरतो आणि मागचे वल्ह्यासारखे पाय हलवतो. बघणाऱ्याला हा नाच वाटेल. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की या हालचालीने पाण्याचा झोत तयार होतो आणि नराचा वास मादीकडे ढकलला जातो. मादी आडोशाला लपलेली असेल तेव्हा याचा विशेष उपयोग. चेसापीकच्या मच्छीमारांना नराच्या ओढीची गोष्ट आधीपासून माहीत होती. कात टाकायला आलेल्या माद्या पकडायला ते सापळ्यात आमिष म्हणून मासा नाही, जिवंत नर ठेवतात. तिथे त्याला 'जिमी' म्हणतात.

भेट झाली की नर मादीला पोटाखाली धरून काही दिवस फिरतो. तिची कात पडली की मीलन, आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत पुन्हा पहारा. हे गरजेचंच आहे, कारण मऊ खेकडा म्हणजे माशांपासून इतर खेकड्यांपर्यंत सगळ्यांसाठी आयतं जेवण.

मला काळजी वाटते ती या सगळ्याचा भार वाहणाऱ्या पाण्याची. आपण जाळलेल्या कोळसा-पेट्रोलचा बराच कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचचं माप लॉगॅरिदमिक असतं, त्यामुळे आम्लता पाव पटीहून जास्त वाढलीये. रेणूचा आकार आणि विद्युतभार पीएचवर अवलंबून असू शकतो. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यांचे असे काही संकेत-रेणू तपासले. हे रेणू मीलनाचे नाहीत, अंड्यांना वारा घालायला लावणारे आहेत. जास्त आम्ल पाण्यात त्यांचा आकार आणि भार बदलला, आणि मादीकडून तोच प्रतिसाद मिळवायला वासाचं प्रमाण वाढवावं लागलं.