गुणतक्ता कुठल्या तारखेचा?

गुणतक्ता म्हणजे तयार डेटा समजून तो थेट एक्सेलमध्ये टाकणार असाल, तर थांबा. आय-लीगचा २०२४-२५चा हंगाम आधी बघा. भारतीय फुटबॉलची ही दुसऱ्या स्तराची लीग. बारा संघ, प्रत्येकी २२ सामने.

एप्रिलमध्ये सामने संपले तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर, इंटर काशी ३९वर. पण जानेवारीत नामधारीने काशीला २-० हरवलं, तेव्हा एक अपात्र खेळाडू उतरवला अशी तक्रार होती. शिस्तपालन समितीने सामना ३-० असा काशीला दिला. अपील समितीने तो निर्णय फिरवला आणि चर्चिल विजेता ठरला. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने काशीला विजेता ठरवलं (मध्ये आणखी एका खेळाडूच्या नोंदणीचा वाद होता, तो वेगळाच). आयएसएलमधली बढतीही काशीकडे गेली. चर्चिलसाठी हे किती मोठं, ते गोवेकरांना विचारा. रत्नागिरीहून मडगाव काही लांब नाही.

म्हणून 'मैदानावरचा स्कोअर' आणि 'नोंदवलेला निकाल' असे दोन रकाने ठेवा. डेटा उतरवल्याची तारीखही लिहा. मे महिन्यात उतरवलेल्या तक्त्यात चर्चिल पहिला, ऑगस्टच्या तक्त्यात काशी. दोन्ही त्या-त्या दिवशी अधिकृतच होते.