सायलेन्सरच्या पोटातला प्लॅटिनम

दौंडकडून श्रीगोंद्याकडे जाताना काष्टी लागते. शनिवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि त्या दिवशी बैलांइतकीच गर्दी मोटारसायकलींची होते. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून गावातल्या एका गॅरेजवाल्या मित्राने मला विचारले, "सर, जुन्या सायलेन्सरमधली जाळी भंगारवाला आधी मागतो. लोखंडापेक्षा कितीतरी जास्त पैसे देतो. असं आहे तरी काय तिच्यात?"

तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. ही जाळी म्हणजे 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर'. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे ती कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन यांत रूपांतर करते. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली. पेट्रोलमधल्या शिशाने हे धातू निकामी होतात, म्हणून त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोलही आले.

आता गंमत अशी, की अख्ख्या मोटारीत हे धातू असतात जेमतेम काही ग्रॅम. तेवढ्यावर कसे भागते? रासायनिक क्रिया होते ती धातूच्या पृष्ठभागावर. आतले अणू नुसते बसून असतात. म्हणून धातूचे अतिसूक्ष्म पुंजके करून ते अ‍ॅल्युमिनावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, पसरतात. दोन नॅनोमीटरच्या पुंजक्यात दोन-तीनशे अणू असतात आणि त्यातले जवळजवळ निम्मे बाहेरच्या बाजूला येतात. आणि हा अ‍ॅल्युमिना इतका सच्छिद्र, की एका ग्रॅमची छिद्रे उलगडून मांडली तर एक-दीड गुंठा जागा भरेल.

पण धुराची उष्णता वाईट. रश्श्यावरच्या तर्रीचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात ना, तसेच हे पुंजके आठशे अंशांच्या आसपास सरकतात आणि एकमेकांत मिसळतात. धातू तेवढाच राहतो, पृष्ठभाग मात्र घटतो. गाडी 'मिसिंग' करत असेल तर न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन पेटते आणि जाळी याहूनही तापते, प्रसंगी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर धातूवर बसतो. वेळीच बदललेला प्लग जाळीपेक्षा खूप स्वस्त पडतो, हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि 'पिकअप वाढेल' म्हणून जाळी काढून नुसती नळी बसवणारे जे असतात, त्यांच्या मागच्या गाडीवर लेकरू बसलेले असते, एवढेच म्हणतो.

पुंजके सरकू नयेत यासाठी आधाराचे ऑक्साइडच मदतीला येते. ते म्हणजे नुसते ताट नव्हे. सेरियम ऑक्साइड, ज्याला सेरिया म्हणतात, प्लॅटिनमला आपल्या ऑक्सिजनमार्फत घट्ट धरून ठेवते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात काम करणारे अभय दात्ये यांच्या गटाने २०१६ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅटिनम असलेला अ‍ॅल्युमिना आणि कोरा सेरिया एकत्र करून त्यांनी हवेत आठशे अंशांवर तापवला. प्लॅटिनम अ‍ॅल्युमिनावरून उठून सेरियावर गेला आणि तिथे एकेका अणूच्या रूपात अडकून राहिला. ज्या उष्णतेने पुंजके वाढायचे, तिनेच अणू सुटे केले.

सेरियाचे आणखी एक काम आहे. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की तो साठवायचा, कमी पडला की द्यायचा. हा व्यवहार मुख्यतः धातू आणि ऑक्साइड जिथे भिडतात त्या कडेवर होतो. वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडले की बांधात जमीन जाते, ते आपल्याला नुकसानीचे. इथे उलटे आहे. पुंजके जितके लहान तितका बांध जास्त, आणि कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळतो तो या बांधावर.

मग जास्तीत जास्त घट्ट धरणारा आधार घेतला की झाले? तसे नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या एक्सॉन कंपनीच्या संशोधकांनी टायटॅनियम ऑक्साइडवरचे प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये पाचशे अंशांवर तापवले, तेव्हा धातू जागेवर असूनही वायू धरेना. टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर पुंजक्यांवर चढतो, हे पुढे लक्षात आले. ऱ्होडियमची तऱ्हा वेगळी. तो फार तापला की अ‍ॅल्युमिनात मुरतो आणि हाती लागत नाही.

सेरियावर अडकलेले सुटे अणूही गार असताना आळशी असतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत, जाळी तापण्याआधीच, बरेचसे विषारी वायू निसटतात. म्हणून बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये गाडी चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. या गार वेळेसाठीच २०१७ साली दात्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुटे अणू साडेसातशे अंशांच्या वाफेत ठेवून पाहिले. त्यानंतर तेच अणू दीडशे अंशांवरही कार्बन मोनॉक्साइड जाळू लागले.