तव्यावरची मुठा

पुण्याच्या कसबा पेठेत आज मासळी तळायची तर ती गणेश पेठेच्या बाजारातून आणायची. आमच्या आजीच्या तरुणपणी ती कुंभारवेशीखालून, मुठेतून यायची. भोयांच्या पाटीत मरळ, वांब, शिंगटा असायचे. समुद्राची मासळी घरात यायची ती बहुतेक सुकी: सुकट नाहीतर सुके बोंबील.

ही नदी मासळीने भरलेली होती. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातल्या 'खुद्री' या महासिराचा नमुना पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेत मिळालेला होता.

नदीच्या माशाला आजीने रवा कधी लावला नाही. रोहू, खुद्री यांच्या जातीच्या माशांच्या मांसात बारीक दुबेळके काटे असतात. म्हणून ती तुकडीच्या दोन्ही बाजूंनी सुरीने जवळजवळ चिरा द्यायची. चिरांतून तेल आत गेलं की काटेही कुरकुरीत होत, चावून खाता येत. वर हळद, मीठ, लसणाचं वाटण आणि तांदळाच्या पिठाचा नुसता हात.

१८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण झालं आणि शहराखालचं वाहतं पाणी घटत गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, काठचा कसबा पाण्याखाली गेला. पण पूर ओसरतो. नदीला खरं मारलं ते त्यानंतर वर्षानुवर्षं सोडलेल्या सांडपाण्याने, आणि याचा मला आजही संताप येतो. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी तेवढी अशा पाण्यातही तग धरून राहिली.

मग बर्फातली सुरमई, बांगडा आणि ओले बोंबील पेठेत रुळले, आणि त्यांच्यामागून रवा आला. आमच्या आईने तो लावायला घेतला तेव्हा आजीला ते पसंत नव्हतं. माझं मत आईच्या बाजूचं आहे, कारण ओल्या बोंबलाला दुसरा इलाज नाही. त्यात मांसापेक्षा पाणीच कितीतरी जास्त. उभा चिरून, मधला काटा काढून, मीठ लावून तो पाट्याखाली दाबून ठेवावा आणि सुटलेलं पाणी ओतून द्यावं. मासा ओला असेल तर तेलाची सारी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. पापुद्रा धरायच्या ऐवजी मासा शिजून लिबलिबीत होतो.

मसाला लावून झाला की बारीक रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून तुकडी घोळवायची आणि जादा रवा झटकून टाकायचा. बिडाचा तवा चांगला तापू द्यावा. तेलात रव्याचा कण टाकताच चुरचुरला पाहिजे. एका वेळी दोन-तीनच तुकड्या सोडाव्यात, नाहीतर तेल निवतं. कड तांबूस दिसेपर्यंत उलथन्याने हलवू नये. झाकण तर अजिबात ठेवू नये, वाफेने सगळा कुरकुरीतपणा जातो. काढल्यावर तुकड्या एकावर एक न रचता जाळीवर मोकळ्या ठेवाव्यात.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. त्या दिवसांत बाजारात उजनी धरणातली चिलापी आणि रोहू वाढतात. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते, म्हणजे पेठेखालून वाहिलेलं पाणीच तिथे पोचतं. ते पाणी स्वच्छ सोडण्याची जबाबदारी आपल्या शहराची आहे. उजनीचा रोहू आणला की मी रव्याचा डबा बाजूला ठेवतो आणि दोन्ही अंगांनी जवळजवळ चिरा देतो.