तानुकी-प्रासादांतील राजकन्या

चित्रपट पाहून त्यावर लिहिण्याची संवय आम्हांस नाहीं. त्यांतून ज्याची नायिका मूळची वनचर प्राणी, ज्यांत बेडकाच्या आवाजानें दुखणें बरें व्हावयाचें आणि संकट ऐन भरांत आलें असतां मंडळी गाऊं-नाचूं लागावयाचीं, असा परदेशी चित्रपट तर आमच्या वाटेस कधीं गेलाच नसता. परंतु दिवाळीच्या सुटींत घरांतील मुलांनीं आग्रहानें आम्हांस आपल्यांत बसवून घेतलें. आणि पोरखेळ म्हणून जें पाहावयास आम्ही बसलों, त्यानें पुढें चार दिवस आमचा पिच्छा सोडला नाहीं.

चित्रपट जपानी आहे. त्याचें मूळ नांव ‘ओपेरेटा तानुकी गोतेन’. ओपेरेटा म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, आणि गोतेन म्हणजे प्रासाद. दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांनीं तो काढिला, व २००५ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत तो स्पर्धेबाहेर दाखविला गेला. इंग्रजींत नांव देतांना मात्र कोणीं तरी तानुकीचें भाषांतर ‘रॅकून’ असें करून ठेविलें आहे. तें चूक आहे. रॅकून हा अमेरिकेंतील प्राणी. तानुकी हा पूर्व आशियांतील असून कुत्र्या-कोल्ह्यांच्या कुळांतला आहे. दोघांच्याहि डोळ्यांभोंवतीं काळा पट्टा असतो, एवढेंच काय तें साम्य! मराठींत या प्राण्यास नांव नाहीं. तेव्हां आम्ही त्यास तानुकीच म्हणतों.

जपानी लोककथांत हा प्राणी मोठा मायावी मानिला आहे. डोक्यावर झाडाचें पान ठेवावें कीं त्यास वाटेल तें रूप घेतां येतें. वाळलेल्या पानांच्या मोहरा करून तो दुकानदारांस फसवितो. आणि चांदण्या रात्रीं आपलेंच पोट नगाऱ्यासारखें बडवीत बसतो. तातेबायाशी गांवच्या मोरिन्-जी मंदिराशीं निगडित अशी एक गोष्ट जपानांतील लहान मुलांसहि ठाऊक असते. तींत तानुकी चहाची किटली होऊन बसतो, व विस्तवावर ठेवितांच त्याचें सोंग उघडें पडतें! कोल्हाहि तिकडे रूपें पालटतो. पण कोल्ह्याचें सोंग घातुक, तर तानुकीचें बहुधा विनोदी. शिगाराकी येथील कुंभार त्याच्या मातीच्या मूर्ति घडवितात. डोक्यावर गवती टोपी, हातांत मद्याचा बुधला व उधारीची वही, अशा थाटांत त्या खाणावळींच्या दारांत उभ्या असतात.

या प्राण्याच्या प्रासादावर संगीतपट काढण्याची जपानांत जुनी परंपराच आहे. केइगो किमुरा यांनीं ‘तानुकी गोतेन’ हा चित्रपट १९३९ सालीं काढिला, आणि पुढें वीस वर्षें या धाटणीचे चित्रपट निघत राहिले. जपानची लाडकी गायिका हिबारी मिसोरा हिनेंहि १९५४ सालीं अशा एका चित्रपटांत काम केलें होतें. ती १९८९ सालीं वारली. सुझुकींनीं यंत्रविद्येच्या बळावर तिची तेजोमय मूर्ति आपल्या चित्रपटांत पुनः अवतरविली आहे. ज्या परंपरेंत ती गायिली, त्या परंपरेनें तिला दिलेली ही मानवंदनाच होय.

आतां कथा. गारासा नांवाच्या किल्ल्याचा एक राजा आहे. त्याचें नांव आझुची मोमोयामा. वास्तविक हें जपानी इतिहासांतील सोळाव्या शतकाअखेरच्या एका वैभवशाली कालखंडाचें नांव. आपल्याकडे एखाद्या राजाचें नांव ‘पेशवाई’ ठेवावें, तसा हा प्रकार! हा राजा स्वतःस जगांतील सर्वांत सुंदर पुरुष समजतो. एक भविष्यवादिनी म्हातारी त्यास सांगते कीं, लवकरच तुझा पुत्र आमेचियो सौंदर्यांत तुझ्यावर मात करील. हें ऐकतांच बाप पोटच्या मुलास दुर्गम पर्वतावर नेऊन टाकण्याची आज्ञा देतो. वाटेंत मुलगा निसटतो, आणि त्याची तानुकी-राजकन्येशीं गांठ पडते. मनुष्यानें व तानुकीनें परस्परांवर प्रेम करूं नये, असा निर्बंध असतांहि तीं दोघें प्रेमांत पडतात. पुढें राजकन्या मरणोन्मुख होते, आणि जिचा आवाज ऐकून ती वांचेल अशी स्वर्गींची बेडकी शोधण्यास राजपुत्र निघतो. शेवट आम्ही सांगत नाहीं. तो पाहावयाचा आहे.

राजकन्येचें काम चीनची नटी झांग झियी हिनें केलें आहे. ती कांहीं चिनी बोलते, कांहीं जपानी. प्रियकर जपानींत उत्तर देतो, आणि कोणाचेंहि कांहीं अडत नाहीं. मागील देखावे उघडउघड रंगविलेले पडदे आहेत. काबुकी नाटकाचा थाट, पाश्चात्य संगीत व अलीकडचें रॅप हीं एकाच पंक्तीस बसविलीं आहेत. आरंभीं आम्ही कपाळास आठ्या घातल्या. पण ज्यांनीं किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ पाहिलें आहे, त्यांनीं पात्रें मध्येंच थांबून गातात याबद्दल नाक मुरडणें शोभत नाहीं.

चित्रपट संपल्यावर आमच्या नातीनें विचारिलें, “आजोबा, मुलगा आपल्यापेक्षां सुंदर झाला तर बाबांना आनंद नको का व्हायला?”

आम्हीं ययातीची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. म्हातारपण सोसवेना म्हणून ज्यानें मुलांपुढें हात पसरला व पुरूचें तारुण्य मागून घेतलें, तो आपलाच राजा. मोमोयामास मुलाचें रूप घेतां येत नाहीं, म्हणून तो मुलगाच दूर करूं पाहतो. दोघांचें दुखणें एकच. सर्वत्र जय इच्छावा, पण पुत्राकडून व शिष्याकडून पराजयच इच्छावा, असें आपले पूर्वज सांगून गेले. हें वचन आम्हीं वर्गांत किती वेळां समजावून दिलें असेल, याची गणती नाहीं.

आणि तरीहि एक प्रसंग आम्हांस त्या रात्रीं आठवला. एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत एका समासाचा विग्रह आमच्याहून सरस केला होता. त्याचें बरोबर आहे हें आम्हांस तत्क्षणीं उमगलें. तथापि “खालीं बैस” यापलीकडे एक अक्षर आम्ही बोललों नाहीं. त्या मुलानें पुढें वर्षभर आमच्या तासाला हात वर केला नाहीं. मुलास पर्वतावर धाडण्यास किल्ला व राज्य लागतें असें नाहीं. एक वर्ग पुरतो, एक ओसरीहि पुरते. जेथें जेथें वडिलांच्या शब्दापुढें धाकट्यांचें शहाणपण गप्प बसतें, तेथें तेथें गारासाचा किल्ला उभा आहे.

या कथेंतील खरी गंमत ही कीं, ज्या जातीस लोक लबाड म्हणतात, त्या जातीची ती राजकन्या प्रेमांत कोणतेंहि सोंग घेत नाहीं. आणि ज्यास रूप पालटतां येत नाहीं, तो मनुष्य मात्र आपल्या एका चेहऱ्यासाठीं जन्मभर सोंग वठवीत बसतो.

हें सर्व रचणाऱ्या सुझुकींचें वय त्या वर्षीं ८२ होतें. त्यांचे चित्रपट कोणास समजत नाहींत, असें म्हणून १९६८ सालीं त्यांच्या कंपनीनें त्यांस काढून टाकिलें होतें. त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. १९७१ सालीं तडजोड झाली. पण पुढचा मोठा चित्रपट काढण्यास १९७७ साल उजाडावें लागलें. ‘समजत नाहीं’ या एका शब्दाखालीं माणसास दहा वर्षें कसें गप्प बसवितां येतें, हें त्यांनीं भोगिलें होतें. एवढें भोगून वृद्धापकाळीं ते कडवट झाले असते तरी कोणीं दोष दिला नसता. त्याऐवजीं त्यांनीं वृद्धाच्या मत्सराचें हंसें केलें आणि रंगभूमि तरुणांच्या स्वाधीन केली. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. २०१७ सालीं, ९३ व्या वर्षीं, ते निवर्तले.

सुटींत घरीं मुलें जमलीं म्हणजे वडील मंडळींनीं हा चित्रपट त्यांच्या शेजारीं बसून अवश्य पाहावा. कांहीं ठिकाणीं अर्थ लागणार नाहीं. आम्हांसहि लागला नाहीं. अशा वेळीं “यांत काय अर्थ आहे!” असें न म्हणतां, “यांत अर्थ काय आहे?” असें मुलांसच विचारावें, आणि तीं सांगतील तें ऐकून घ्यावें.