डॉक्टरच्या आधी पोहोचणारा

सैन्याबरोबर परमुलखात गेलेला वैद्य म्हटलं की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसच आठवतात. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी ते तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो गाजला. पण त्यांच्या टेबलापर्यंत जखमी उचलून आणणारे, हत्यारं उकळून देणारे, रात्रभर उशाशी बसणारे कोण होते? अशांवर सिनेमे निघत नाहीत.

भारतीय लष्करात हे काम करणाऱ्याला ‘नर्सिंग असिस्टंट’ म्हणतात. प्रशिक्षण लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात. पुढे पोस्टिंग कुठेही: सियाचीन, पुण्याचं कमांड हॉस्पिटल, नाहीतर निळी टोपी घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. काँगोमधलं गोमा आणि दक्षिण सुदानमधलं मलाकाल इथे भारतीय लष्कराने रुग्णालयं चालवली आहेत.

पांढऱ्या नाईलच्या काठच्या मलाकालमध्ये सगळे दिवस गोळीबारात जातात असं वाटत असेल, तर तसं नाही. सकाळी एम. आय. रूमसमोर, म्हणजे छावणीतल्या दवाखान्यासमोर, रांग लागते ती ताप, जुलाब, पायाला झालेली बुरशी, दुखणारी दाढ आणि पाठ यांची. हिवतापाचा तर तो मुलूखच. संध्याकाळ झाली की बाह्या खाली, मच्छरदाणी नीट खोचलेली, गोळी वेळेवर घेतलेली, हे सगळं बघायचं. जवानांना याचा कंटाळा येतो. मागे लागणाऱ्याला येऊन चालत नाही. पिण्याच्या पाण्याची तपासणी हेही छावणीचं रोजचं काम. लष्करातली जुनी पद्धत सहा पांढऱ्या वाट्यांची: प्रत्येकीत ब्लीचिंगचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि कोणत्या वाटीपासून निळा रंग उमटायला लागतो ते बघून डोस ठरवायचा. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो, त्याचंच हे काटेकोर रूप. मग ड्रेसिंग, इंजेक्शनं, ऑक्सिजनचे सिलिंडर, औषधांचा साठा आणि रजिस्टर. रजिस्टर संपत नाही. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे साडेअकरा, म्हणून घरी फोन करायचा तर ड्यूटी सांभाळून, लवकर.

अघटित घडतं तेव्हा मात्र सगळं घड्याळावर येतं. शांतिसेनेत ‘दहा-एक-दोन’ असा नियम आहे: दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवणं आणि श्वास मोकळा करणं, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतातच. ती जवळच्या सैनिकाची आणि नर्सिंग असिस्टंटची. पुढे स्तर चढत जातात: छावणीतला दवाखाना, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय, तज्ज्ञांचं रुग्णालय.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला ही साखळी नवी नाही. पाडा, मग डोळखांब किंवा टोकावड्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग शहापूरचं उपजिल्हा किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, मग ठाणे, मुंबई. साप चावलेल्याला किंवा अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तेव्हा वेळ जातो तो पहिल्या दोन पायऱ्यांवर. लष्कराने नेमकी पहिलीच पायरी भक्कम केली, जखमीजवळ शिकलेला माणूस ठेवून. नुसत्या वरच्या रुग्णालयांचं कौतुक करणाऱ्यांनी हे जरा पाहावं.

लष्कराच्या या वैद्यकीय लोकांची चिकाटी कोरियाच्या युद्धात दिसली. 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही भारतीय तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली 1950 च्या नोव्हेंबरात तिथे उतरली. डिसेंबरात प्योंगयांग सोडायची वेळ आली तेव्हा वाहनं पुरेनात. सामान टाकून निघा, असं सांगण्यात आलं. शस्त्रक्रियेचं सामान टाकलं तर पुढे हात बांधून बसायचं! त्यांनी रेल्वेचं एक इंजिन हुडकलं, बादल्यांची साखळी करून बॉयलर भरला, सामान डब्यांत चढवलं आणि पूल उडवला जाण्याआधी नदी ओलांडली. याच 60 क्रमांकाच्या पॅरा फील्ड हॉस्पिटलने फेब्रुवारी 2023 मध्ये भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केन्देरुनला 99 जणांनिशी रुग्णालय उभारलं.

भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं आपल्या तालुक्यांत कमी नाहीत, पण बहुतेकांच्या डोक्यात ‘जी. डी.’ (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा शिपाई) एवढंच असतं. नर्सिंग असिस्टंटसाठी बारावी विज्ञान लागतं: भौतिक, रसायन, इंग्रजी आणि जीवशास्त्र. मात्र ‘आपल्याला कुठे डॉक्टर व्हायचंय’ म्हणून अकरावीलाच जीवशास्त्र सोडलेल्याला हा फॉर्म भरता येत नाही.